निळ्याला नारंगी

खोदाईच्या यंत्राने केबल तोडली आणि बोलणी मला. हे नेहमीचंच. खड्ड्याभोवती माणसं जमलेली आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "नेट कधी येणार?" मी म्हटलं, "उजेड अडवून उभे राहिला नाहीत तर लवकर येईल."

लोकांना वाटतं, नेट हवेतून येतं. अहो, समुद्राखालून, डोंगराआडून कुठून कुठून आलेला प्रकाश शेवटी माझ्या मांडीवर येतो, केसाएवढ्या काचेच्या तारेतून. ती तुटली की दोन्ही टोकं पुसायची, यंत्रात समोरासमोर धरायची आणि वितळवून एक करायची. बारा तारा, बारा रंग. निळ्याला निळा, नारंगीला नारंगी. दादाने हे रंग माझ्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले होते.

दादा माझा सख्खा भाऊ, आणि हे काम शिकवणाराही तोच. तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. कंपनीला तेव्हा माणसं कमी करायची होती. तपासणीवाल्यांनी याच कोपऱ्यावरची, दादाने जोडलेल्या तारांची पेटी उघडली, तर निळ्याला नारंगी आणि नारंगीला निळा! नेट चालू होतं म्हणून कुणी हात लावला नाही, फोटो तेवढे काढले. साहेबांनी मला विचारलं, "रंग उलटे आहेत ना?" होते. मी अहवालावर सही केली, दादाला काढलं. त्याने हूं की चूं केलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग आला. मला शिकवताना केवढा तोरा, आणि स्वतःचं काम हे असं! तेव्हापासून तो घरी पंखे दुरुस्त करतो.

आज यंत्राने तीच पेटी चिरडली होती. मनात म्हटलं, चला, दादाची घाण निघाली एकदाची. नवी पेटी घेतली आणि रंगाला रंग लावून शिस्तीत जोडलं.

दहा तारा ठीक. निळ्या आणि नारंगी तारांवरच्या दोन गल्ल्या मात्र बंदच. मीटर लावला तर प्रकाश पोचत होता, तरी घराघरांत राउटरवरचा दिवा लाल. म्हणजे एका गल्लीचा प्रकाश दुसऱ्या गल्लीत जात होता. कुठलं घर कुठल्या तारेवर, हे केंद्रातलं यंत्र लिहून ठेवतं. भलत्या तारेवरून हाक आली की ते दार उघडत नाही.

मी सरळ जोडलं तर उलटं पोचतंय, म्हणजे पुढे कुठेतरी आधीच उलटं होतं. पुढे एकच पेटी, दवाखान्याच्या भिंतीवरची. शिडी लावली, झाकण काढलं. निळ्याला नारंगी. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारीख आणि जोडणाऱ्याचं नाव. अक्षर माझं.

तो दिवस लख्ख आठवला. नोकरीला जेमतेम महिना झालेला. दादा चार लोकांत म्हणाला होता, "हात केवढे थरथरतात तुझे!" आणि मी धुसफुसत या भिंतीवर चढले होते. संध्याकाळी नेट सुरू झालं, तर मला वाटलं, बघा, दाखवलं की नाही करून!

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि सही चोराची.

शिडीवरूनच फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

"दादा, दवाखान्याची पेटी उघडलीय मी."

पलीकडे पंख्याची घरघर. मग म्हणाला, "उघडलीस एकदाची."

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी दोन गल्ल्या लागेनात, मग कळणार नाही?"

"मग माझीच पेटी का नाही सरळ केलीस?"

"अगं, बंद केलेली पेटी उघडायची तर केंद्राला कळवावं लागतं, कुणाची आणि कशासाठी. महिन्याभराची नोकरी तुझी, दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. माझी उघडीच होती, तिथेच उलटवलं."

"आणि मी सही केली तेव्हा? तेव्हा तरी तोंड उघडायचं!"

"तेव्हा दोघंही घरी बसलो असतो, तू चुकलीस म्हणून आणि मी झाकलं म्हणून. आईकडे कोण बघणार होतं? एकाच्या बसण्याने भागत होतं."

"मूर्ख आहेस तू!" मी ओरडले. दवाखान्यातली माणसं वर बघायला लागली. मला रडू आवरेना.

"आहेच," तो म्हणाला. "आता कोपऱ्यावरचे जोड पुन्हा उलटव. दहा मिनिटांचं काम, कुणाला पत्ता लागणार नाही."

"नाही. इथलं सरळ करणार आणि लिहून देणार."

"नोकरी जाईल."

"मग पंखे शिकव मला."

पलीकडची घरघर थांबली. तो म्हणाला, "आधी टोकं पूस. चिडलीस की पुसायचं विसरतेस तू."

केंद्राला कळवलं, टोकं पुसली, निळ्याला निळा जोडला. दोन्ही गल्ल्या लागल्या. दारात उभी असलेली माणसं, माझ्याकडे न बघताच, आत गेली.

मग मोबाइलवर फॉर्म उघडला. बिघाडाचं कारण, असा रकाना होता. खोदाई लिहिलं असतं तरी खपलं असतं. मी माझं नाव लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं, तीन वर्षांपूर्वी ज्याला काढलं, त्याची काही चूक नव्हती.