खोक्यातली अक्कलदाढ

वेलांटीबाई हे नाव त्यांना छापखान्यातल्या लोकांनी ठेवलं होतं. चुकीची वेलांटी दिसली की दाताखाली खडा आल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं. घरी बसून त्या लेखकांची हस्तलिखितं संगणकावर टाइप करून देत. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली होती, आणि आता मालकांचा फोन आला होता.

"बाई, पुढच्या महिन्यापासून सिस्टिम नवी, कीबोर्डची मांडणीही नवी. जमेल तर बघा. नाहीच जमलं तर तसं सांगा, राग नाही."

राग नाही म्हणजे काम नाही, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

तेव्हापासून त्यांचं कशातच लक्ष लागेना. दूध उतू जायचं, डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधला जायचा. शेवटी धाकटा भाऊ आला. संगणक दुरुस्त करणं आणि ताईला चिडवणं, दोन्ही तो सारख्याच आवडीनं करायचा.

"तुझ्या जुन्या सिस्टिमला हात लावत नाही, ताई. तिच्या पोटात एक खोटा संगणक बसवतो आणि नवी सिस्टिम त्याच्यात टाकतो. खोकं समज. आत वाटेल तो गोंधळ घाल. बंद केलंस की सगळं पुसून पुन्हा कोरं."

"आणि बाहेरचं?"

"बाहेरच्याला पत्ताही लागणार नाही."

"म्हणजे तुझ्या शाळेसारखं. तू तिथे काय दिवे लावायचास ते घरी कुठे कळायचं!"

मध्येच पडद्यावर सूचना आली, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. बाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

"अगं, खोट्या डिस्कवरचं! सोड, नख लागतंय."

सराव सुरू झाला. जुन्या कीबोर्डवर पहिली वेलांटी आधी द्यायची, मग अक्षर येऊन तिच्याखाली गुमान बसायचं. नव्यावर आधी अक्षर, मग वेलांटी. बाईंच्या बोटांना हे पटेना. वेलांट्या भलत्याच अक्षरांच्या डोक्यावर जाऊन बसत. बाई चिडून खोकं बंद करत, उघडत, पुन्हा कोरं. आपल्या फजितीचा मागमूस राहत नाही, हे मात्र त्यांना फार आवडलं.

"काय, आज कितव्यांदा पाटी पुसली?" नवरा चहाचा कप ठेवत विचारायचा. तो शीतगृहात कामाला होता. घरी असला की बायकोच्या खुर्चीमागे घुटमळत राही.

"तुम्ही मागे उभे राहू नका हो. बोटं लाजतात."

एका दुपारी दंतवैद्यांच्या पुस्तकातलं अक्कलदाढेचं प्रकरण समोर आलं. मालकांना ते दिवेलागणीच्या आत हवं होतं. आधी एक परिच्छेद खोक्यात करून बघू, मग बाहेर नीट करू, असं म्हणून बाई बसल्या. अक्कलदाढ आडवी कशी येते, गाल कसा सुजतो, रोगी कसा सगळ्या घरावर डाफरतो. वाचता वाचता बाईंना हसू येत होतं. परिच्छेदाला परिच्छेद लागत गेला. शेवटचा पूर्णविराम देऊन त्यांनी प्रकरण सेव्ह केलं, पाठ सरळ केली आणि रोजच्या सवयीनं खोकं बंद केलं.

मग एकदम लक्षात आलं. त्यांनी खोकं पुन्हा उघडलं. कोरं.

"अहो! अक्कलदाढ गेली!"

"दुखायची थांबली का?" नवरा आतून म्हणाला. बाहेर आला, तिचा चेहरा पाहिला. मग हळूच म्हणाला, "सेव्ह केलं होतंस ना?"

"केलं होतं की! पण खोक्यातच!"

वेळ नव्हता. आता कसला सराव आणि कसलं काय, म्हणत बाईंनी आपली जुनी, हक्काची सिस्टिम पुढे घेतली आणि धडाधड सुरुवात केली. पहिल्याच ओळीत वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली. पुसली. पुन्हा तेच. बोटं आधी अक्षर देत होती, मग वेलांटी. इतकी वर्षं ज्या कीबोर्डवर डोळे मिटून लिहिलं, त्याच्यावर बाई अडखळत होत्या. मागे फिरायची सोय भावानं खोक्याला करून दिली होती, बोटांना नाही.

त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. खोकं उघडलं. अक्कलदाढ पुन्हा पहिल्यापासून. या खेपेस हसू आलं नाही. पण बोटं मात्र कुठे अडली नाहीत. संपताच त्यांनी आतूनच प्रकरण मालकांना मेल केलं, आणि मिळालं असं उत्तर येईपर्यंत नवऱ्याला माऊसच्या आसपास फिरकू दिलं नाही.

मग भावाला फोन लावला. त्याचं हसून होईपर्यंत थांबल्या.

"झालं हसून? आता ते खोकं काढ. नवी सिस्टिम खरीखुरी बसव."

"जुनी जाईल हं, ताई. आणि बिघडलं तर बंद करून कोरं करता येणार नाही."

 बाईंच्या मोकळ्या हाताची बोटं टेबलावर आपोआप चालली होती. आधी अक्षर, मग वेलांटी.

"ताई? आहेस ना?"

"लगेच ये," त्या म्हणाल्या. "मी हो म्हणतेय तोवर ये."