मामांची जोडी

"संसार सोडून डोंगरावर जाऊन बसणारा माणूस कुणाच्या कामाचा? आमच्या गुरूंनी स्वच्छ सांगितलंय, घर मांडा आणि घरात राहून नाम घ्या. नवरा-बायको म्हणजे देह दोन, ज्योत एक!"

मामांनी हे इतकं ठणकावून सांगितलं की समोर सभा असती तर टाळ्या पडल्या असत्या. पण समोर इस्त्री होती, आणि तीही अजून तापायची होती. मामा एकसष्ट वर्षांचे असून अविवाहित होते.

का राहिले, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. इतरांना निदान पत्रिकेवर खापर फोडता येतं. शिखांमध्ये पत्रिका बघत नाहीत आणि मुहूर्तही काढत नाहीत, त्यामुळे मंगळाची सोय नाही आणि शनीचीही नाही. आधी ताईचं लग्न होतं, मग आईचं आजारपण आलं, मग "आता या वयात?" आलं, आणि विषय मिटला.

पोटापाण्यासाठी ते लिफ्ट दुरुस्त करीत, म्हणून सगळे त्यांना लिफ्टमामा म्हणत. कुणी आत अडकलं की मामा बंद दाराला तोंड लावून सांगायचे, "घाबरू नका, मी आहे." आतला माणूस मग दहा मिनिटांत आपल्या रक्तदाबापासून मुलाच्या नोकरीपर्यंत सगळं सांगून मोकळा व्हायचा. दार उघडलं की मात्र असा धूम ठोकायचा की मामांचा चेहरा बघायलाही थांबायचा नाही. अर्ध्या शहराची दुखणी मामांना तोंडपाठ होती, पण त्यांना रस्त्यात ओळखणारं कुणी नव्हतं.

अशात भाचीचं लग्न ठरलं.

"परवा वेळेवर ये," ताईने फोनवर बजावलं. "मिलनीत तुझं नाव आहे."

लग्नाच्या सकाळी गुरुद्वाराच्या फाटकापाशी दोन्हीकडची मंडळी समोरासमोर उभी राहतात. ग्रंथी, म्हणजे गुरुद्वारात पाठ करणारे, अरदास ही प्रार्थना म्हणतात आणि मग जोड्या पुकारल्या जातात. मुलीच्या वडिलांची जोडी मुलाच्या वडिलांशी, मामाची मामाशी, काकाची काकाशी. आपल्या जोडीदाराला हार घालायचा आणि कडकडून मिठी मारायची, याचं नाव मिलनी.

मामांना शेवटची मिठी मिळाली होती ती अकरा वर्षांपूर्वी, आईच्या अंत्यसंस्काराच्या वेळी. ती मारणारे गृहस्थ हुंदके देत होते. नंतर कळलं की ते दुसऱ्याच अंत्यसंस्काराला आले होते.

"मुलाचे मामा कसे आहेत गं?" मामांनी विचारलं.

"कसे म्हणजे?"

"म्हणजे... अंगाने?"

"का? कुस्ती खेळायचीय? आहेत चांगले आडवेतिडवे. आता ठेव फोन, मला हजार कामं आहेत."

मामा खूश झाले. आडवातिडवा माणूस मिठीला बरा. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटाशी तालीम केली. कोणता हात वरून, कोणता खालून, मान कुठल्या बाजूला, म्हणजे पगडीला पगडी आपटणार नाही. कपाट उंचीला अगदी बरोबर होतं. फक्त गार होतं.

लग्नाच्या सकाळी मामा फाटकापाशी इतक्या लवकर पोचले की फाटक त्यांनीच उघडलं.

अरदास झाली. व्याही-व्याही गळाभेट घेऊन बाजूला झाले. मग ग्रंथींनी पुकारा केला, "मुलीचे मामा, मुलाचे मामा!"

मामा हार घेऊन पुढे झाले. समोरून कुणीच आलं नाही.

"त्यांना ताप आहे," मुलाचे काका म्हणाले. "कालच कळवलं की."

कळवलं होतं, खरंच. ताईला, मेहुण्यांना आणि ग्रंथींनाही. ग्रंथी मात्र जुन्या यादीवरून वाचत होते. हारवाल्यालासुद्धा निरोप गेला होता, समोरच्या तबकात एक हार कमी होता. मामांना तेवढं सांगायचं राहिलं.

"कुणीतरी उभे राहा ना नावाला," मेहुणे म्हणाले.

"मी राहिलो असतो," समोरचा एकजण म्हणाला, "पण मी आत्येभाऊ."

"मी मावसा. माझं नाव पुढे आहे."

"पुढची जोडी घ्या हो, उन्हं चढायला लागली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"राहू द्या, राहू द्या," मामा म्हणाले. "माझं काय एवढं!" बंद दारापाशी काढायचे तोच आवाज त्यांनी काढला. फक्त या वेळी आत कोण अडकलंय, हे कुणी विचारलं नाही. काकांची जोडी मिठीत शिरली आणि सगळे हसले.

आत गुरुद्वाराच्या सभागृहात मेहुण्यांनी मुलाच्या उपरण्याचं टोक, म्हणजे पल्ला, मुलीच्या हातात दिला. पवित्र ग्रंथाभोवती चार फेऱ्या सुरू झाल्या. पुढे मुलगा, मागे मुलगी, आणि तिला हात द्यायला वाटेत उभे भाऊ. पहिल्या फेरीत गृहस्थाची कर्तव्यं, मग प्रेम, मग ओढ, आणि चौथीत एकरूप होणं. मामांना त्या मजल्यांसारख्या वाटत. भाची चौथ्यावर पोचली. मामा मांडीवर हार घेऊन तळमजल्यावर बसून होते.

मग सगळे जेवायला आणि फोटोंना पांगले. आपण निघालो तर कुणाच्या लक्षात येणार नाही, असा विचार करून मामा चपला-बुटांच्या घडवंचीपाशी आले. खरोखरच कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. त्यांनी दोन्ही बूट चढवले.

"मुलीचा मामा तूच का?"

मागे काठी टेकत एक अनवाणी म्हातारी उभी होती. उंचीने मामांच्या शर्टाच्या खिशापर्यंत येणारी.

"हो."

"मी मुलाची आजी. आईची आई. फाटकाशी मला मागे खुर्चीत बसवून ठेवलं होतं, काय चाललंय काही कळलं नाही. आत्ता लेक म्हणाली, तुझी जोडी झालीच नाही. तापाने पडलाय तो माझा मुलगा. मी हजर असताना त्याची बाजू गैरहजर कशी?"

"अहो, पण तुम्ही... म्हणजे बाईमाणसाने मामाच्या जागी..."

"गुरूंनी बाई-पुरुष असं कधी वेगळं काढलं होतं का? मग तू का काढतोस? वाक खाली. या वयात मला उड्या मारायला लावू नकोस."

मामा वाकले. कोमेजत चाललेला हार त्यांनी आजीच्या गळ्यात घातला, तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. तिने काठी घडवंचीला अडकवली आणि दोन्ही हातांनी मामांना धरलं. घट्ट धरलं. पाठीवर थोपटलं. तालमीत हे नव्हतं, कपाटाने कधी थोपटलं नव्हतं. मान कुठल्या बाजूला न्यायची ते विसरून त्यांनी ती तिच्या खांद्यावर टाकली आणि डोळे मिटले. आजीही सोडत नव्हती. तिच्याकडेही बहुधा फार कुणी येत नसावं.

आतून हसण्याचे आवाज येत होते. पुढची जोडी पुकारायला इथे कुणी नव्हतं.

"अरे," बऱ्याच वेळाने आजी त्यांच्या शर्टात पुटपुटली.

"काय, आजी?"

"मिठी राहू दे हवी तेवढी. पण माझ्या पायावरचा तो बूट तेवढा बाजूला घेतोस का?"