ब्रेक उशिरा लागतो

बाबांच्या कॉम्प्युटरचं बरं चाललं होतं. चालत्या गाडीला खीळ घातली ती मी.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते ना मी, त्यामुळे घरात माझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बघितली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बाबा म्हणत होते, "चालतंय ना चिमे, राहू दे की." मी म्हटलं, "तुम्हाला यातलं कळत नाही, तुम्ही गप्प बसा." एका सुट्टीच्या दिवशी बसले आणि नवी सिस्टीम टाकली. हात लागलाच आहे तर म्हणून कॉम्प्युटरचा डबाही उघडला, ब्रशने धूळ काढली, सगळ्या वायरी परत लावल्या आणि स्वतःवरच खूश होऊन जेवायला बसले.

बाबांनी जन्मभर ट्रक चालवला. निवृत्तीनंतर करमेना, म्हणून मीच त्यांना ट्रकचा गेम आणून दिला होता, खरं स्टिअरिंग आणि पायाखाली खरी पेडलं असलेला. आई म्हणायची, "घरी बसले तरी हे काही घरात नाहीत." पुढे जवळच्या दवाखान्याने त्यांना बोलावलं. ज्यांना चालता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांना व्हॅनमधून आणायचं आणि परत घरी सोडायचं, असं काम. बाबांनी ते आनंदाने घेतलं, पण स्वतःला एक नियम घालून. सकाळी गेममध्ये घाटाची एक फेरी मारायची. ती कुठेही न धडकता पार पडली तरच व्हॅनला हात लावायचा. "मागे माणसं बसतात गं," म्हणायचे. "आधी आपले हात बघून घ्यावेत."

नवी सिस्टीम आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्यांनी हाक मारली. "चिमे, ब्रेक उशिरा लागतो गं."

मी सेटिंग बघितली, चित्राचा दर्जा कमी केला, ग्राफिक्स कार्डचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. स्वतः गेम खेळून बघितला का? छे! मी कशाला खेळतेय? गेम सुरू झालेला बघितला आणि उठले. संध्याकाळी पुन्हा तेच. "चित्र अडखळतं. वळण येऊन जातं, मग स्टिअरिंग वळतं." त्यानंतर रोजच तेच ऐकायचं. एका सकाळी मला कामावर जायला उशीर होत होता आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, मशीन ठणठणीत आहे! मी स्वतः केलंय ते. वय झालंय तुमचं, हात मंदावलेत, एवढं मान्य करा ना. नाचता येईना, अंगण वाकडं!"

बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "असेल बाई," म्हणाले.

त्याच आठवड्यात आईने भांडी पुसता पुसता सांगितलं, "तुझ्या बाबांनी व्हॅन सोडली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई समजवायला घरी येऊन गेल्या, पण हे ऐकायला तयार नाहीत. म्हणे, मुलीला यातलं कळतं, तिनेच सांगितलं." आणि मी? खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. या वयात कशाला ती दगदग, असं मनाशी म्हणून मी मोकळी झाले.

काल दुकानात एक गिऱ्हाईक आलं. "ताई, नवी सिस्टीम टाकल्यापासून गेम रडतखडत चालतोय."

मी मानही वर केली नाही. "सिस्टीमला कशाला नावं ठेवता? मॉनिटरची वायर कुठे लावलीय ते आधी बघा. खाली ग्राफिक्स कार्डाला लावायची सोडून वरच्या भोकात खुपसली असेल. मग गेमचं चित्र काढणारं एवढं कार्ड बसतं झोपून आणि गेम रांगतो. आमच्याकडे येतात त्यातले निम्मे हाच घोळ घालून येतात. डबा उघडायची हौस असली तर जरा डोळे उघडे ठेवून..."

हातातला स्क्रूड्रायव्हर मी खाली ठेवला.

"काय झालं ताई?"

"काही नाही," म्हटलं आणि पर्स उचलून तशीच घरी आले.

टेबलामागे वाकले. वायर वरच्या भोकात होती. त्या दिवशी धूळ झटकून मीच लावलेली. ती काढून खालच्या भोकात लावली, गेम सुरू केला आणि या वेळी स्वतः खेळले. घाट लोण्यासारखा सरकला. पायाने नुसता स्पर्श केला की ब्रेक लागत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मी दारातच उभी राहिले.

"बाबा, तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही. वायर मी चुकीची लावली होती. ब्रेक खरंच उशिरा लागत होता."

"हात्तिच्या!" बाबा हसले. "एवढंच ना? मग तोंड कशाला पाडतेस? चुकतं माणूस."

रागावले असते तर परवडलं असतं. "दवाखान्यात मी फोन करते," मी म्हटलं. "माझी चूक होती म्हणून सांगते. जागा अजून रिकामी असेल."

"नको."

"अहो, पण का?"

बाबांनी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "वायर तू काढलीस गं. पण मागे माणसं बसली की मला तुझंच बोलणं ऐकू येणार. आता नाही जमायचं."

मला रडूच फुटलं. त्यांचा हात धरून त्यांना ओढतच टेबलाशी आणलं, खुर्चीत बसवलं. "एक फेरी मारा. माझ्यासाठी मारा. मग बोला."

बाबांनी गाडी काढली. माझे बाबा, ज्यांच्या शेजारी बसून लहानपणी मी घाटात बिनघोर झोपायचे, ते सरळ रस्त्यावरून गाडी जपून जपून, कडेकडेने नेत होते. मध्येच त्यांनी ब्रेक दाबला. ट्रक जागच्या जागी थांबला. पुढे रस्ता मोकळा होता, कोणीसुद्धा नव्हतं.

त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "वेळेवर दाबला ना गं?"