मामांचा जुना ॲम्प

सोलो त्याला तोंडपाठ होता, पण आवाज काही मिळत नव्हता. जुन्या रॉक रेकॉर्डवरचा तो गिटारचा आवाज निखळ होता, कुठेही न फाटणारा, तरी थेट काळजात शिरणारा. त्याने तारा बदलल्या, पिकअप बदलून पाहिले, एको कमी-जास्त केला. काचेपलीकडे रेकॉर्डिंगला बसलेली बायको दर वेळी मान हलवायची.

"छान आहे रे, पण तो नाही."

शेवटी त्याने मामांच्या माळ्यावरून त्यांचा जुना, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उतरवून आणला. तो तापायला वेळ लागला. पण पहिलाच सूर निघाला आणि ती खुर्चीतून उठली.

"हाच!"

"तारांना हात लावला की जरा मुंग्या येतात," तो हसून म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. "करंट येतोय म्हणजे. बंद कर आधी."

"जुनं यंत्र आहे, चालायचंच. एवढा आवाज सापडलाय, आता खोडा घालू नकोस."

तिने रेकॉर्डिंग सुरू केलं. कानात सोलो होता, डोळे मात्र त्याच्या बोटांवर.

सोलो संपला. तिला विचारायला तो गाण्याच्या माइकवर वाकला. डावा हात तारांवरच होता. ओठ जाळीला टेकले.

"कसा झा—"

पुढे नुसती घरघर. चेष्टा करतोय, असं तिला वाटलं. मग त्याचे डोळे दिसले.

ती धावली. त्याला ओढायला हात पुढे गेलाच होता, तो तिने कसाबसा मागे घेतला, दाराकडे वळली आणि मेन स्विच खाली खेचला. अंधार झाला. काहीतरी धाडकन पडलं.

"बोल ना रे! काहीतरी बोल!" ती चाचपडत त्याची छाती शोधत होती.

"ओठ... भाजलाय."

ती तिथेच बसून हमसाहमशी रडली.

हृदय ठीक आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा भेटायला आले. "ॲम्पची गुरगुर थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मीच कापली होती रे," एवढंच ते बोलू शकले.

तारांतला करंट त्याच्या अंगातून माइकवाटे जमिनीत गेला होता, असं सांगून वायरमनने ॲम्पमधली करंटची गळती शोधली, प्लग बदलला आणि अर्थिंग जोडलं. "आता बिनधास्त वाजवा," तो म्हणाला.

पण नवरा गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. बायकोने तार आणि माइक यांच्यामध्ये मीटर लावून शून्य दाखवलं. तरी त्याचा हात उचलेना. मग तिने एक तळवा तारांवर ठेवला, दुसऱ्या हाताने माइक धरला.

"बघ. काही नाही."

त्याने तिच्या हातावर हात ठेवला. तिने आपला हळूच काढून घेतला, आणि तो वाजवू लागला.

ॲम्पची गुरगुर परत आली होती, पण आवाज तोच होता. मधला एक सूर थरथरला.

"परत घ्यायचा?" तिने विचारलं.

"नको गं. आज एवढंच."

तिने मेन स्विच बंद केला, मगच त्याने गिटार खाली ठेवली.