एकवीस जादा गाठी

पुस्तक मार्चअखेर बाहेर पडलं, तर लेखक कुझुमीसरांना कायमची प्राध्यापकी, खिडकीवाली स्वतंत्र खोली आणि सासऱ्यांच्या तोंडाला कुलूप, असा तिहेरी लाभ होता. संपादक इसोगाई तोमोएचा लाभ एकच. जिम्बोचो या पुस्तकबाजारातल्या तिच्या दोन खोल्यांच्या प्रकाशनाचं पुस्तक पहिल्यांदा वर्तमानपत्रांत गाजणार होतं.

गाजणार होतं ते पाचव्या प्रकरणावर. १९३८ साली एका जपानी डोंगरी गावातल्या बायकांनी लढाईवर निघालेल्या पोरानं सुखरूप परतावं म्हणून हजार गाठींचा पट्टा शिवला. बाईमागे एक गाठ. बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातल्या वाघाच्या वर्षी जन्मलेलीला मात्र वयाइतक्या गाठी घालायची मुभा, कारण वाघ कितीही लांब गेला तरी परततो. सरांनी गावातल्या सगळ्या बायकांच्या नोंदवहीतून बायका मोजल्या, वयं मांडली. हिशेब नऊशे एकोणऐंशीवर अडला. पट्ट्यावर गाठी हजार. म्हणजे एकवीस खोट्या, आणि त्या महिला मंडळाच्या प्रमुख कानामोरी इशीबाईंनी वरच्यांच्या धाकानं गुपचूप घातल्या, असा सरांचा निकाल.

पाच वाजता छापखान्याचा माणूस यायचा होता. तोमोए शेवटच्या प्रुफावर शिक्का मारणार, एवढ्यात मुद्रितशोधक आकुत्सुबाई समोर येऊन बसल्या.

"वाघिणी किती गं या गावात?"

"एकवीस. तुम्हीच तर तपासलंत."

"आणि खोट्या गाठी?"

तोमोएचा शिक्का हवेतच राहिला.

"तेव्हा मूल जन्मायचं तेच एक वर्षाचं," आकुत्सुबाई म्हणाल्या. "तुझ्या सरांनी सालातून साल वजा केलंय. डॉक्टरेट झाली की माणसं बोटांवर मोजायचं विसरतात वाटतं."

तोमोएनं कागद ओढला. वाघिणी तेरा वर्षांच्या तीन, पंचवीसच्या चार, सदतीसच्या पाच, एकोणपन्नासच्या पाच, एकसष्टच्या चार. आठशे तेरा गाठी. बाकीच्या बायका एकशे सत्त्याऐंशी. बेरीज करताना पेन्सिलीचं टोक मोडलं. बरोबर हजार.

तिनं सरांना फोन लावला. हिशेब ऐकवला.

"एक तळटीप टाकू या का?"

"सर, खोटेपणाचा आळ मजकुरात आणि सुटका तळटिपेत?"

"बाई, माझी नोकरी आहे हो त्यात."

"ठाऊक आहे. पण बघा तरी, दोनशे आठ बायका, एकही सुटलेली नाही. आजारी नाही, रुसलेली नाही, आधीच पोरगा गमावलेली नाही. एकीलाही 'नाही' म्हणता आलं नाही, सर. धाक तुम्ही एका बाईत शोधत होतात, तो अख्ख्या गावात होता. आणि आपल्याकडे त्याचा आकडा आहे."

 मग सरांचा श्वास जोरात ऐकू येऊ लागला. ते जिना उतरत होते.

"शिक्का मारू नका. वही घेऊन येतोय. त्यातून पोर गमावलेल्यांची नावं वेगळी काढू या."

आकुत्सुबाईंनी छापखान्याच्या माणसाला चहा पाजून रिकाम्या हातानं परत पाठवलं.

पुस्तक ऑक्टोबरात आलं. सरांची जागा तोवर दुसऱ्यानं पटकावली होती. वर्तमानपत्रांनी आरोपी नसलेल्या प्रकरणाला चार ओळी दिल्या, तो तोटा तोमोएचा. इशीबाईंना खोट्या आळाची किंमत भरावी लागली नाही. दोनशे आठ जणींनी मात्र गाठींचा आपापला वाटा पुरेपूर दिला होता, आणि तरी पट्टा तेवढा घरी आला, पोरगा आला नाही.