राजारामपुरीतला बाथटब

मी एक जुना, पांढऱ्याचा पिवळट झालेला बाथटब आहे. मित्रांनो, माणसांविषयी मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. मी त्यांना फार जवळून पाहिलं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकाकत होतो. राजारामपुरीतल्या गणपतरावांनी मला नव्या फ्लॅटमध्ये बसवलं, ते अंघोळीसाठी नव्हे, मिरवण्यासाठी! पाहुण्यांना आधी मी, मग चहा. स्वतः मात्र माझ्या शेजारी बादली ठेवून तांब्यानं अंघोळ करत. पुढं माझ्यात कांदे आले, मग फाटकी गादी. अशा माणसांचा आदर कसा करायचा?

मग राधानगरीहून त्यांची भाची पूर्णिमा कॉलेजसाठी राहायला आली. ती लांब पल्ल्याची धावपटू. गार, पावसाळी हवेत वाढलेली. आदल्या वर्षी सोलापूरच्या उन्हाळी शर्यतीत ती अर्ध्या वाटेत चक्कर येऊन पडली होती. तिच्या प्रशिक्षक महादेवी मॅडमनी उपाय सांगितला. पळून आलं, की लगेच सोसेल इतक्या गरम पाण्यात खांद्यापर्यंत बसायचं. काही दिवसांत शरीर लवकर घाम सोडायला शिकतं, उन्हाला सरावतं. मात्र बाहेर कुणीतरी हवं, आणि गरगरलं की उठायचं.

पूर्णिमानं मला घासून लख्ख केलं. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच काम मिळालं! पहिल्या दिवशी ती थोड्याच वेळात लालबुंद होऊन बाहेर पडली. मामी वर्षाराणी दाराबाहेर बसून सारख्या हाक मारायच्या. रोज थोडं थोडं करत पूर्णिमा निवांत बसू लागली.

हे गणपतरावांच्या मुलाला, विश्वजितला बघवेना. दंड फुगवून हिंडणारा गडी.

"ह्यात काय अवघड हाय? मी तासभर बसतो की!"

एके सकाळी घरात कुणी नसताना व्यायाम करून तो आला. कढत पाणी भरलं, घोटभर पाणीही प्यायला नाही, मोबाईल नळाला टेकवला आणि 'मित्रांनो' म्हणून व्हिडिओ सुरू केला. तोच शब्द मी वापरतो, याची मला लाज वाटली. थोड्या वेळानं त्याची बडबड अडखळली. तो ताडकन उठला, डोळे फिरले, आणि तोंडावर पाण्यात कोसळला. माझ्या गुळगुळीत अंगाला धरण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात पूर्णिमा पळण्याचा सराव संपवून घरी आली आणि तिनं धपकन आवाज ऐकला. "दादा? ओ दादा!" उत्तर नाही. तिनं लोटलेलं दार ढकललं, त्याचे केस धरून डोकं वर ओढलं आणि माझं बूच उपसलं. तो ओकला, मग श्वास घेऊ लागला.

दवाखान्यातून आल्यावर गणपतराव माझ्यावरच गरजले, "उद्याच फोडून टाकतो ह्याला!"

पूर्णिमा आडवी आली. "मामा, टबाचं काय चुकलं? दादानं ऐकलं न्हाय. मी रोज बसतो, मला काय झालं?"

पोराचा जीव तिनंच वाचवला होता. गणपतरावांनी मला फोडायचा विषय सोडला. विश्वजित मात्र अजून 'पाय घसरला' असंच सांगतो.

यंदा सोलापुरात पूर्णिमा तिसरी आली. उन्हात, न पडता! घरी परतल्यावर दारातूनच ती ओरडली, "मामी, पुरी शर्यत पळालो!" वर्षाराणी तिला धरून रडल्या.

मित्रांनो, तुमचं शरीर शिकायला तयार असतं. त्याला हळूहळू शिकवा, जाणत्याचं ऐका, सोबतीला माणूस ठेवा. आणि नुसती बढाईच मारायची असेल, तर कृपा करून कोरड्या जागी मारा.