थोरलीला दिलेल्या शिव्या

थोरली आणि धाकटी, दोघी जावा, एकाच छापखान्यात मुद्रितं तपासायच्या आणि एकमेकींना पाण्यात पाहायच्या. तिथली वरची जागा रिकामी झाली, तिच्यासाठी व्याकरणाची परीक्षा लागली, आणि घरात पुस्तक एकच. सासूबाईंनी सुरी घेऊन ते शिवणीतून दोन केलं. "अर्धं अर्धं वाचा, मग बदला. माझ्या घरात कटकट नको!"

धाकटीला मागचं अर्धं आलं. आणि काय एकेक शब्द निघाले त्यात! अगस्तीची फेरी, सुंदोपसुंदी, झारीतले शुक्राचार्य, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात पुराणातली गोष्ट. बाई हरखूनच गेली. हे थोरलीच्या हाती पडलं तर जागा गेलीच म्हणायची! बदलायची वेळ आली तेव्हा तिने सरळ "हरवलं" म्हणून सांगितलं. मग थोरलीनेही आपलं अर्धं दिलं नाही. कशाला देईल?

पण इतके झणझणीत शब्द पोटात राहतात होय? थोरली मीठ आणायला गेली ती तासाभराने उगवली.

"अगस्तीच्या फेरीला गेला होतात का?" धाकटी कडाडली.

"म्हणजे?"

"अगस्ती ऋषी दक्षिणेला गेले, मी येईपर्यंत वाकून राहा म्हणून विंध्य पर्वताला बजावलं, आणि परत आलेच नाहीत! तसल्या तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी थोरली नळ अडवून उभी.

"सरका, झारीतले शुक्राचार्य!"

"हा कोण आणखी?"

"बळीराजाने दान देऊ नये म्हणून झारीच्या तोंडात जाऊन बसला. डोळा फुटला मेल्याचा! तुमचाही फुटेल!"

रोज नवी कुरापत, रोज नवी शिवी, आणि थोरलीचं आपलं मख्ख तोंडाने "म्हणजे?" धाकटीला वाटायचं, ढ आहे बया. शिवी दिलेलीसुद्धा कळत नाही हिला.

निकाल लागला. जागा थोरलीला. धाकटी थोरलीकडच्या अर्ध्यातल्या संधी-समासात साफ आपटली होती.

"पण मागचं अर्धं तर माझ्याकडे होतं!" ती ओरडली.

"मग? रोज कळ काढायला मला काय कमी डोकं लावावं लागलं?" थोरली म्हणाली. "चिडल्याशिवाय तू सांगत नव्हतीस, आणि चिडलीस की गोष्टीसकट सांगायचीस. मागच्या अर्ध्यातला एक प्रश्न चुकला नाही माझा."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. पूतना, त्राटिका, सगळ्या जिभेवर आल्या, पण तोंड उघडायची भीती वाटली. उद्यापासून हिच्याच हाताखाली काम करायचं होतं.

आतून सासूबाईंनी हाक मारली. "काय गं, आज भांडण नाही?"

"आता गरज नाही, आई," थोरली म्हणाली.